गुप्तचरांचे अंदाज का फसतात आणि त्यांचा हिशेब कोण ठेवतं

पोखरणची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. ११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा, दुपारी पावणेचार, एकाच वेळी तीन अणुस्फोट. काम रात्री करायचं, उजाडायच्या आत सगळी यंत्रं आधी जिथं उभी होती तिथं परत नेऊन उभी करायची, वाळूचे ढीग वाऱ्याने साचल्यासारखे दिसले पाहिजेत, शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात आणि कलामांचं तिथलं नाव मेजर जनरल पृथ्वीराज. आपले अनिल काकोडकर १९७४ च्या चाचणीतही होते आणि या वेळीही होते, त्यामुळे मराठी घरांत ही गोष्ट जरा जास्तच अभिमानाने सांगतात, आणि सांगायलाच पाहिजे. पण गेली काही वर्षं मला हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने वाचावीशी वाटते, म्हणजे तिकडे वॉशिंग्टनमध्ये भारताच्या फाईलवर काम करणारा जो कोणी अ‍ॅनालिस्ट असेल त्याच्या खुर्चीत बसून.

त्याच्याकडे काय नव्हतं सांगा? जागा माहीत होती. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकी सॅटेलाइटने पोखरणची हालचाल पकडली होती, त्यांच्या राजदूताने आपल्या सरकारला फोटो दाखवले होते आणि नरसिंह रावांनी चाचणी थांबवली होती. आणि १९९८ च्या निवडणुकीत भाजपच्या जाहीरनाम्यात अण्वस्त्रं बाळगण्याचा पर्याय आम्ही वापरणार असं सरळ छापलेलं होतं. त्यासाठी कुठला हेर पेरायची गरज नव्हती, जाहीरनामा कुणालाही मिळत होता. तरी धक्का बसलाच. मग सीआयएने अ‍ॅडमिरल डेव्हिड जेरेमाया यांना चौकशीला बसवलं आणि त्यांनी जूनमध्ये जे सांगितलं ते मला आजवर वाचलेल्या अशा चौकश्यांमधलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आमचे लोक धरून चालले होते की भाजपवाले आमच्यासारखंच वागतील. निवडणुकीत बोलतात एक, सत्तेत आल्यावर करतात दुसरं, हा त्यांचा स्वतःच्या देशातला अनुभव, तोच त्यांनी आपल्यावर लावला.

धरून चालणं. मला जे म्हणायचंय ते सगळं याच शब्दांभोवती आहे. कुठंही मोठी उलथापालथ झाली, एखादं सरकार रातोरात कोसळलं, युद्ध पेटलं, सीमेवर घुसखोरी झाली की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, यांना आधी कळलं कसं नाही? आणि उत्तरही ठरलेलं, हेर कमी पडले, सॅटेलाइट वाढवा, नवीन एजन्सी काढा. माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा माहिती कमी नसते. माणसं काय धरून चालली होती ते कुठं लिहिलेलं नसतं, आपल्याला किती खात्री आहे हे कुणी आकड्यात सांगितलेलं नसतं, आणि अंदाज चुकल्यावर त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. हे तीन भोक बुजवल्याशिवाय कितीही सॅटेलाइट सोडा, पाणी गळतच राहणार.

आकड्याचंच आधी बघू. १९५१ च्या मार्चमध्ये सीआयएच्या अंदाज विभागाने युगोस्लाव्हियावर एक कागद तयार केला. प्रश्न असा होता की स्टालिन आणि त्याची आजूबाजूची राष्ट्रं यंदा युगोस्लाव्हियावर हल्ला करतील का. कागदात लिहिलं की हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ धरली पाहिजे. पुढे परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठाने शर्मन केंट या विभागातल्या मोठ्या माणसाला सहज विचारलं, की बाबा गंभीर शक्यता म्हणजे तुमच्या मते नेमकी किती? केंट म्हणाला, माझ्या हिशेबाने शंभरात पासष्ट. तो अधिकारी चरकलाच, कारण त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते वाचून फार कमी शक्यता धरली होती. केंटला ते लागलं. त्याने परत येऊन कागद लिहिणाऱ्या आपल्याच टीमला एकेकाला विचारलं, तू सही करताना मनात किती धरले होतेस? कुणी म्हणालं वीस टक्के, कुणी म्हणालं ऐंशी. सगळ्यांनी एकाच वाक्यावर मान डोलावली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा आकडा होता!

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आपल्या सरकारी भाषेची आठवण झाली. ‘शक्यता नाकारता येत नाही’, ‘परिस्थितीवर बारीक लक्ष आहे’, ‘योग्य ती खबरदारी घेण्यात येत आहे’. हल्ला झाला तर आम्ही म्हणालो होतो, नाही झाला तरी आम्ही कुठं होणारच म्हणालो होतो. अशा वाक्यात लिहिणारा कायम सुरक्षित आणि वाचणारा कायम अंधारात. केंटने मग एक तक्ता बनवला, ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे ९३ टक्के, सहा इकडे सहा तिकडे, ‘संभाव्य’ म्हणजे ७५ च्या आसपास, ‘समसमान’ म्हणजे ५०, असं. त्याच्या ऑफिसातल्या बऱ्याच लोकांना ते आवडलं नाही, अशा लोकांना तो कवी म्हणायचा. तक्ता तेव्हा फार चालला नाही पण आज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये शब्दाला टक्के बांधून दिलेले आहेत, तिथं ‘संभाव्य’ लिहिलं की त्याचा पट्टा किती ते ठरलेलं.

आता कुणी म्हणेल की आकडा लिहिला म्हणून अंदाज बरोबर येतो का, तर अजिबात नाही, आणि याचं उदाहरण केंट स्वतःच आहे. १९ सप्टेंबर १९६२ ला त्याच्याच विभागाने लिहिलं की रशिया क्युबात अण्वस्त्रं मारणारी क्षेपणास्त्रं ठेवेल असं वाटत नाही, कारण आजवर त्यांनी आपल्या हद्दीबाहेर असं कधी केलेलं नाही. १४ ऑक्टोबरला विमानातून काढलेल्या फोटोंत ती क्षेपणास्त्रं दिसली. वरच्या लोकांत उलट मत ठामपणे मांडत होता सीआयएचा प्रमुख जॉन मकोन, तो फ्रान्समध्ये हनिमूनला होता आणि तिथून तारा पाठवत होता की क्युबात एवढी विमानविरोधी क्षेपणास्त्रं मांडलीत ती कशाच्या तरी राखणीसाठी असणार, ते काय आहे ते शोधा. पण याच प्रकरणातून जे शिकायचं ते शिकता आलं याचं कारण असं की तो सप्टेंबरचा कागद होता, त्यावर तारीख होती, अंदाज स्पष्ट होता, आणि नंतर तो खुला झाला. चूक नीट लिहिलेली असली तरच तिच्यापासून काही घेता येतं.

आणि तोच ऑक्टोबर आपलाही आहे. २० ऑक्टोबर १९६२, चीनने नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाख दोन्हीकडे एकदम हल्ला केला. दिल्लीत काय धरून चालले होते ते आता सगळ्यांना माहिती आहे, की चीन निषेध करेल, चकमकी होतील, पण मोठं युद्ध करणार नाही. याच भरवशावर नोव्हेंबर १९६१ पासून पुढे पुढे चौक्या टाकत गेलो. महिनाभरात काय झालं ते सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण तेव्हापासून म्हणतोय. पण त्याच चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत जे निवेदन केलं ते आपण फारसं वाचत नाही. लष्कराच्या चौकशीत काय निघालं ते त्यांनी त्यात सांगितलं, की गुप्तवार्ता गोळा करायचं काम समाधानकारक नव्हतं, माहिती हळू यायची आणि ती मोघम असायची. आणि पुढचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा, चिनी फौजेची जी नवी जमवाजमव दिसत होती ती जुन्या तैनातीशी कुणी जोडून बघितलीच नाही, त्यामुळे समोर दिसतात ते नवीन सैनिक आलेत का जुनेच जागा बदलतायत हे आघाडीवरच्या तुकड्यांना कळायला मार्ग नव्हता.

विचार करा, तिथं डोंगरावर थंडीत साध्या कपड्यांत उभ्या असलेल्या जवानाला समोर पन्नास माणसं जास्त दिसतायत, तो कळवतो, ते वर जातं, आणि वर कुणीच कालच्या आकड्याशेजारी आजचा आकडा मांडत नाही. हे काही मोठं हेरगिरीचं काम नव्हतं. हे वहीचं काम होतं, किराणा दुकानात रोज करतात ते.

मराठी नेत्याने संसदेत एवढं स्पष्ट सांगितलं याचा मला अभिमान वाटतो. पण ज्या चौकशीवर ते बोलले तो हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांचा रिपोर्ट आजही गोपनीय आहे. २०१० मध्ये त्या वेळचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की तो अतिशय संवेदनशील आहे आणि त्याला आजही लष्करी महत्त्व आहे. २०१४ मध्ये त्यातला बराच भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, म्हणजे ज्याला वाचायचाय तो वाचतोय, चिनी तर नक्कीच वाचतायत, फक्त आपल्या सरकारच्या लेखी तो अजून बंद आहे. पक्ष कुठलाही असो, यात कुणी वेगळं वागलेलं नाही.

इस्रायलचं उदाहरण देतो कारण ते सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. १९७३ मध्ये त्यांच्या लष्करी गुप्तचर विभागाची एक पक्की धारणा होती, की इजिप्तकडे लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं आणि क्षेपणास्त्रं येईपर्यंत तो युद्ध करणार नाही आणि सीरिया एकटा करणार नाही. सुएझच्या पलीकडे फौज जमत होती, त्याला ते म्हणाले सराव. रशियन सल्लागारांच्या बायकामुलांना विमानाने हलवलं, तरी म्हणाले शक्यता कमी. दक्षिण कमांडमधला एक तरुण लेफ्टनंट, बेन्यामिन सिमान-तोव्ह, त्याने १ आणि ३ ऑक्टोबरला लिहून दिलं होतं की हा सराव म्हणजे कालवा ओलांडायची तयारी असू शकते. ते त्याच्या वरिष्ठाच्या टेबलावर अडकलं. ६ ऑक्टोबरला युद्ध. नंतर अग्रनात आयोग बसला, हा लेफ्टनंट उजेडात आला, आणि लष्करात एक छोटा विभागच काढला ज्याचं काम हेच की सगळे एका बाजूने बोलायला लागले की मुद्दाम उलटी बाजू मांडायची.

किती चांगली सुधारणा! आणि बरोबर पन्नास वर्षं आणि एक दिवसाने, ७ ऑक्टोबर २०२३ ला, हमासने कुंपण तोडलं. परत तेच, फौजेच्या स्वतःच्या चौकशीत निघालं की हमासला युद्ध नकोय, तो दबलाय, असं धरून चालले होते. परत खालच्या पदावरच्या लोकांनी इशारे दिले होते, गाझाच्या कुंपणावर कॅमेरे बघणाऱ्या तरुण मुली सैनिकांनी दिले होते. उलटी बाजू मांडणारा विभाग तेव्हाही होता. म्हणून मला वाटतं की नुसता विभाग काढून भागत नाही, खालून आलेला उलटा सूर वरच्या माणसापर्यंत लेखी, नावानिशी, न गाळता पोचला पाहिजे आणि त्याने तो वाचून का फेटाळला हे त्याच्या सहीने लिहिलं पाहिजे. सही आली की माणूस दोनदा विचार करतो, हे आपल्या कुठल्याही तलाठी ऑफिसात दिसेल.

यात एक गोष्ट खरोखर अवघड आहे आणि ती मान्य केली पाहिजे. रणगाडे मोजता येतात, माणसांची जिद्द मोजता येत नाही. २०२१ मध्ये अफगाण सरकारकडे कागदावर तीन लाखांची फौज होती, अमेरिकेला वाटलं अमुक महिने तरी टिकेल, १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये. सहा महिन्यांनी बरोबर उलटं, रशिया युक्रेनवर हल्ला करणार हे अमेरिकेने आधीपासून जाहीर सांगितलं, ते खरं ठरलं, फ्रान्सचा लष्करी गुप्तचर प्रमुख ते न ओळखल्यामुळे घरी गेला, पण कीव्ह काही दिवसांत पडेल हा अमेरिकी अंदाज मात्र साफ फसला. एकाच्या मनोधैर्याचा अंदाज जास्त धरला, दुसऱ्याचा कमी. लोक लढतील का पळतील हे बाजारात, चहाच्या टपरीवर, त्यांच्या भाषेत ऐकल्याशिवाय कळत नाही. १९७८ च्या ऑगस्टमध्ये सीआयए लिहीत होतं की इराण क्रांतीच्या जवळपाससुद्धा नाही, आणि त्या वेळी शाहविरोधी धर्मगुरू खोमेनींच्या भाषणांच्या कॅसेट इराणच्या बाजारांत हातोहात फिरत होत्या. शाहला, म्हणजे इराणच्या राजाला, राग येईल म्हणून अमेरिकी अधिकारी विरोधकांना भेटायचंही टाळत होते. आपल्या शेजारच्या देशांची भाषा बोलणारी, तिथल्या गल्लीत राहून आलेली मुलं आपण या कामात किती घेतो हा प्रश्न मला सॅटेलाइटपेक्षा मोठा वाटतो.

बाकीच्या कामाचा धडा घ्यायला मात्र परदेशात जायची गरज नाही, तो पुण्यात शिवाजीनगरला आहे. सिमला ऑफिस चौकात ज्या इमारतीमुळे चौकाला नाव पडलं तिथून हवामान खात्याचं काम चालतं आणि मान्सूनचा लांबचा अंदाज हे खातं कसं देतं बघा. सरासरीच्या इतके टक्के पाऊस, पाच टक्के कमीजास्त, आणि कमी पावसाची शक्यता इतकी. हंगाम संपला की पडलेला पाऊस त्याच्याशेजारी मांडतात. २००२ मध्ये त्यांनी १०१ टक्के सांगितले होते आणि पडला ८१. देशभर शेतकऱ्याची वाट लागली, खात्याला शिव्या बसल्या, संसदेत विचारणा झाली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जुनं मॉडेल काढून नवीन आणलं. २०१५ मध्ये एप्रिलला ९३ सांगितले, जूनमध्ये ८८ वर आणले, प्रत्यक्षात ८६ पडला. माझे मामा बार्शीकडे शेती करतात, ते त्या जूनमध्ये पेपर हातात घेऊन म्हणाले, खाली आणलंय म्हणजे त्यांना काहीतरी दिसलंय, तूर थोडीच लावू. मोघम शब्दावर माणूस असा निर्णय घेऊ शकत नाही. खात्याने आपला आकडा बदलला यात त्यांना कमीपणा वाटला नाही, उलट त्याचाच त्यांनी उपयोग केला.

आणि गंमत म्हणजे राजकीय अंदाजांना मार्क द्यायची जी पद्धत आज जगभर वापरतात ती हवामानवाल्यांकडूनच आलीय. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकी हवामान खात्यातल्या माणसाने १९५० मध्ये ती मांडली. साधी आहे, ९० टक्के खात्रीने बोललास आणि झालं नाही तर मोठा दंड, ६० टक्के म्हणून चुकलास तर कमी, आणि कायम ५० म्हणत बसलास तर तेही वर्षाच्या शेवटी दिसतं. फिलिप टेटलॉक या प्राध्यापकाने २८४ तज्ज्ञांचे वीस वर्षांचे अंदाज असे तपासले. निघालं काय, की टीव्हीवर ज्यांना जास्त बोलावतात, ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच मोठं उत्तर असतं, ते सगळ्यात जास्त चुकतात. पुढे २०११ पासून अमेरिकी सरकारनेच स्पर्धा भरवली आणि टेटलॉकच्या गटातल्या साध्या हौशी लोकांनी भल्याभल्यांना मागे टाकलं. ते काय करायचे तर आधी बघायचे की अशा परिस्थितीत आजवर कितीदा काय झालंय, मग आजच्या बातमीने त्यात दोनचार टक्के इकडे तिकडे करायचे, आणि चुकलो तर वहीत लिहायचे.

आपल्याकडे याला आडवं येतं ते कायद्याचं कुंपण. परदेशातली माहिती काढणारी रॉ आणि देशातली माहिती काढणारी आयबी या माहिती अधिकाराच्या कलम २४ मुळे बाहेर आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी सोडून. चालू कामाची माहिती बाहेर येऊ नये हे मला पूर्ण पटतं, माणसांचे जीव असतात त्यात. पण तीस वर्षांपूर्वीचा अंदाज आणि तो खरा ठरला का खोटा, हे लपवून कुणाचा जीव वाचतो? ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या, दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यांनी अगदी ऐनवेळी परवानगी मागितली. त्याच्या आधीच्या जूनमध्ये, जुलैमध्ये आपल्या लोकांनी ढाक्याबद्दल किती टक्के लिहिले होते? मी त्यांना नापास म्हणत नाही, कदाचित कुणी बरोबर लिहिलंही असेल. मग त्या माणसाला बढती मिळाली का, पुढच्या वेळी त्याचं ऐकतील का, हे त्या खात्याच्या आत तरी कुणी मोजतं का?

असं करता येतं हे आपण एकदा दाखवलंय. कारगिल झाल्यावर जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांची समिती बसली, काही महिन्यांत रिपोर्ट आला, काही मजकूर गाळून तो फेब्रुवारी २००० मध्ये संसदेसमोर ठेवला आणि पुढे पुस्तक म्हणून दुकानात विकायला आला. त्यात स्वच्छ लिहिलंय की ही घुसखोरी पूर्णपणे अनपेक्षित होती, त्या डोंगरात एवढ्या संख्येने कुणी येऊन राहील हे शक्यच नाही असं धरून चाललो होतो. पहिली खबर ३ मेला मेंढपाळांकडून आली. आणि एक पत्र, जून १९९८ चं, आयबीच्या प्रमुखाने सीमेपलीकडच्या हालचालींबद्दल लिहिलेलं, ते पंतप्रधानांपासून वरच्या सगळ्यांना गेलं, पण रॉला आणि सगळी माहिती एकत्र जोडायचं काम ज्या संयुक्त समितीचं होतं तिलाच गेलं नाही. हे छापलं म्हणून आभाळ कोसळलं नाही. त्यातूनच तिन्ही दलांसाठीची गुप्तचर संस्था डीआयए आली, तांत्रिक गुप्तवार्तेसाठी एनटीआरओ आली. सुब्रह्मण्यम समितीला जमलं ते १९६२ च्या फाईलला लावा, आणि तिथून पुढे पंचवीस वर्षं झाली की त्या त्या वर्षीचे अंदाज, त्यांच्या तारखा आणि त्यावर कुणी काय उलट लिहिलं होतं ते, आपल्यासमोर ठेवा.